केबल न लावता मोबाइलमधील फोटो संगणकावर: मूळ फाइल जशीच्या तशी कशी आणावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन मोबाइल आहेत. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये सुमारे ६,४०० फोटो आणि २०० व्हिडिओ असून त्यांनी ३८ जीबी जागा व्यापली आहे, तर पत्नीच्या आयफोनमध्ये दोनेक हजार फोटो आहेत. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. केबल लावली की फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला तो दिसत नाही. म्हणून आपण काही महिने व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवून ते लॅपटॉपवर उतरवून घेत होता. त्यांतले काही मोठ्या आकारात छापून घेतले, तेव्हा ते धूसर निघाले, आणि संगणकावरच्या तारखाही भलत्याच दिसू लागल्या. आता केबलशिवाय हे काम नीट कसे करावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की दोन्ही फोनसाठी लोकलसेंड हे विनामूल्य ॲप वापरावे, फोटो घरातल्या घरात वाय-फायवरून न्यावेत आणि इंटरनेटचा वळसा घेऊ नये. मात्र ॲपच्या निवडीपेक्षा मोठा प्रश्न असा आहे की, संगणकावर पोचते ती कॅमेऱ्याने तयार केलेली मूळ फाइल असते, की वाटेत कोणीतरी बारीक केलेली तिची नक्कल. आपली फसगत नेमकी तिथेच झालेली आहे.

त्याआधी केबलविषयी दोन शब्द, कारण निम्म्या वेळा दुखणे तिथेच असते. पॉवर बँक, ट्रिमर किंवा हेडफोनसोबत मिळणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहितीच्या नसतात. तेव्हा एकदा फोनच्या खोक्यातली मूळ केबल लावून पाहावी. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडल्यावर आपोआप ‘फक्त चार्जिंग’ या स्थितीत राहतो, म्हणून वरून सूचनांची पट्टी खाली ओढून त्यात फाइल ट्रान्सफर निवडावे लागते. तरीही फोन दिसला नाही, तर तो बंद करून चार्जिंगच्या भोकात उजेड पाडून पाहा. खिशातल्या कापडाचा भुगा तळाशी दाबून बसलेला असतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने काढता येतो. सुई किंवा टाचणी घालू नये. एवढे करून केबल चालू झाली तर ३८ जीबीचे पहिले ओझे तिच्यावरून उतरवणेच उत्तम, आणि पुढचे दरमहाचे काम बिनतारी करावे. ती चालू होत नाही असे धरून पुढे लिहितो.

व्हॉट्सॲपने काय केले ते आकड्यांत पाहिले म्हणजे पुढच्या सूचनांचे कारण कळेल. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ४००० गुणिले ३००० बिंदूंचा (पिक्सेलचा), म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचा असतो. तो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू सुमारे १६०० बिंदूंवर आणली जाते, म्हणजे १९ लाख बिंदू उरतात. सहा भागांतला जेमतेम एक. छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू असावेत असा प्रघात आहे. १२ इंच लांबीच्या फोटोला ३६०० बिंदू लागतात; १६०० बिंदू तेवढ्या लांबीवर ताणले की इंचाला १३३ पडतात, आणि साडीचा काठ किंवा चेहऱ्यावरच्या रेषा पुसट होतात. ऑगस्ट २०२३ पासून तिथे एचडीची सोय आली आहे, तिने फोटो बरा जातो, पण तोही मूळ नव्हे. शिवाय फोटो काढल्याची तारीख, वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची माहिती हे सारे फाइलच्या पोटात लिहिलेले असते आणि व्हॉट्सॲप ते काढून टाकते. म्हणूनच आपल्याकडे ज्या दिवशी फोटो उतरवला तीच त्याची तारीख होऊन बसली. त्याच ॲपमध्ये फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. दहा-वीस फोटोंसाठी ही युक्ती उत्तम आहे, साडेसहा हजारांसाठी मुळीच नाही.

एवढा ऐवज हलवायचा म्हणजे वेगाचा हिशेब आलाच. ३८ जीबी म्हणजे सुमारे ३ लाख मेगाबिट, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास असतो, त्यामुळे निव्वळ ब्लूटूथवर हे काम ४२ तास चालेल. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर साधारण ३५ मेगाबिट धरले तर दोन-अडीच तास लागतात, आणि ५ गिगाहर्ट्झवर, फोन व लॅपटॉप राउटरच्या खोलीतच असतील आणि २०० मेगाबिट मिळत असतील, तर कागदावर २५ मिनिटे. प्रत्यक्षात हजारो लहान फाइलींची एकेक नोंद करण्यात वेळ जातो, म्हणून पाऊण ते एक तास धरून चालावे. मधल्या भिंतींचाही यात वाटा असतो. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लवकर क्षीण होते. राउटर दिवाणखान्यात आणि आपण आतल्या खोलीत, अशा वेळी फोन गुपचूप २.४ वर जातो आणि मग ॲपला दोष दिला जातो.

आता प्रत्यक्ष कृती. लोकलसेंड हे मुक्तस्रोत ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांवर चालते. त्यासाठी कोठे खाते उघडावे लागत नाही, आणि फोटो कोणाच्याही सर्व्हरवर न जाता एका उपकरणातून थेट दुसऱ्यात सांकेतिक रूपात जातात. फोनवर ते त्या त्या अधिकृत स्टोअरमधून घ्यावे आणि लॅपटॉपवर ॲपच्या अधिकृत संकेतस्थळावरून, कारण तशाच नावाच्या नकली वस्तू शोधात वर येत असतात. लॅपटॉपवर पहिल्यांदा उघडताना विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सुरक्षाव्यवस्था, परवानगी मागते. तिथे खाजगी नेटवर्कसाठी होकार द्यावा. घाईत ही खिडकी बंद केली, तर पुढे फोनला लॅपटॉप कधीच दिसत नाही. विंडोज ११ नव्या वाय-फायला बहुधा ‘पब्लिक’ समजते. सेटिंगमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, त्यात आपले वाय-फाय, त्याच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे, अर्थात फक्त घरच्या वाय-फायसाठी. आयफोनवर ॲप उघडताच स्थानिक नेटवर्कवरची उपकरणे शोधण्याची परवानगी विचारली जाते. २०२० च्या आयओएस १४ पासून ही अट आहे. तिथे नकार दिला गेला असेल तर सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन ती पुन्हा देता येते.

ॲप प्रत्येक उपकरणाला एखादे विशेषण आणि फळाचे नाव जोडून गमतीदार इंग्रजी नाव देते. आपल्या लॅपटॉपचे नाव ‘नाइस ऑरेंज’ असे काहीतरी निघाले तर दचकू नये. सेटिंगमध्ये ते बदलून ‘घरचा लॅपटॉप’ असे ठेवावे, म्हणजे दोन फोनांच्या गोंधळात चूक होत नाही. त्याच सेटिंगमध्ये आलेल्या फाइली कोणत्या फोल्डरात उतराव्यात ते ठरवता येते. तो फोल्डर आधीच तयार करून ठेवावा, नाहीतर ६,४०० फोटो ‘डाउनलोड्स’मध्ये बिलांच्या आणि तिकिटांच्या पीडीएफमध्ये मिसळतात, आणि ते निवडत बसणे हे पाठवण्यापेक्षा मोठे काम होते.

यानंतर लगेच हजारो फोटो निवडू नयेत. शितावरून भाताची परीक्षा करावी. आपल्याला ज्याचे ठिकाण आणि तारीख नक्की आठवते असा एकच फोटो पाठवा. फोनच्या गॅलरीत तो फोटो उघडून वर सरकवला की त्याचा तपशील दिसतो: समजा ४००० गुणिले ३०००, ३.८ एमबी, काढल्याची तारीख आणि खाली नकाशावरचा ठिपका. लॅपटॉपवर तीच फाइल उजव्या बटणाने टिचकी मारून गुणधर्मांत उघडा आणि तपशिलाच्या पानावर बिंदू, आकार, काढल्याची तारीख आणि जीपीएसचे आकडे ताडून पाहा. बिंदू किंवा एमबी कमी भरले तर वाटेत कोठेतरी फोटो बारीक झाला आहे, ती वाट सोडावी. केवळ ठिकाणच गायब असेल तर कारण निराळे आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून एखाद्या ॲपने खास परवानगी घेतली नसेल, तर फोन स्वतःच फोटोतील ठिकाण झाकून ती फाइल त्याच्या हाती देतो. ब्राउझरमधून फोटो चढवणाऱ्या पुष्कळांचे ठिकाण असेच हरवते. अशा वेळी गॅलरीतून फोटो निवडण्याऐवजी ॲपमधील ‘फाइल’ किंवा ‘फोल्डर’ हा पर्याय घेऊन डीसीआयएम या फोल्डरातील कॅमेऱ्याचा संग्रह निवडावा आणि पुन्हा एका फोटोची परीक्षा घ्यावी.

या एका फोटोची परीक्षा पार पडली की एका वेळी ३०० ते ४०० फोटोंचा गठ्ठा पाठवावा. महिन्यामहिन्याने गठ्ठे केले तर कोठवर आलो ते वहीच्या एका ओळीत लिहून ठेवता येते. पाठवत असताना फोनचा पडदा विझू देऊ नये. बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइड मागे पडलेले ॲप झोपवतो आणि आयफोन तर अधिकच कडक आहे. पडदा विझण्याची मुदत १० मिनिटांवर किंवा शक्य तितकी लांबवर ठेवावी, फोन चार्जरला लावावा, लॅपटॉपलाही झोपू देऊ नये. व्हिडिओ वेगळे आणि शेवटी पाठवावेत, कारण मध्येच तुटण्याची वेळ येते ती बहुधा मोठ्या फाइलीवरच.

लॅपटॉप फोनला दिसतच नाही, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिचे मूळ बहुतेकदा ॲपमध्ये नसते. आपल्याकडे फायबरचे कनेक्शन देणारा एक राउटर बसवून जातो आणि आतल्या खोलीत वाय-फाय पोचावे म्हणून घरचे लोक दुसरा राउटर विकत आणून त्याला जोडतात. मग फोन एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असतो. इंटरनेट दोन्हीकडे सुरळीत चालते, पण दोन्ही उपकरणे दोन निरनिराळ्या वाड्यांत राहतात. फोनच्या वाय-फायच्या तपशिलात आणि लॅपटॉपच्या नेटवर्कच्या गुणधर्मांत आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्या उपकरणाला मिळालेला क्रमांक, पाहावा. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.८ असेल, म्हणजे ठिपक्यांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन जुळत नसतील, तर निदान झाले; दोघांनाही एकाच राउटरच्या नावाखाली आणावे. पाहुण्यांसाठी असलेले ‘गेस्ट’ वाय-फाय, तसेच हॉटेलातले किंवा वसतिगृहातले वाय-फाय, त्यावरच्या उपकरणांना मुद्दामच एकमेकांपासून वेगळे ठेवते. तिथे खटपट करण्यात अर्थ नाही.

अशा ठिकाणी, किंवा गावच्या घरी जिथे वाय-फायच नाही तिथे, फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. यात फोटो फोनमधून थेट लॅपटॉपमध्ये जातात, मोबाइलच्या टॉवरपर्यंत जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आपला रोजचा डेटा खर्च होत नाही. डेटा खाल्ला जातो तो वेगळ्याच कारणाने: मोकळे इंटरनेट मिळाले असे समजून लॅपटॉप विंडोजचे अपडेट उतरवायला लागतो. यावर दोन उपाय आहेत. फोनचा मोबाइल डेटा तेवढा वेळ बंद ठेवावा, आणि फोन तसे करू देत नसेल तर विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे मोजून वापरायचे इंटरनेट, ठरवावे. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असल्यास तोच निवडावा.

केवळ अँड्रॉइड फोनच असता तर मी क्विक शेअर ही अँड्रॉइडची फाइल पाठवण्याची सोयही तितकीच सुचवली असती. गूगलचे निअरबाय शेअर आणि सॅमसंगचे क्विक शेअर २०२४ च्या जानेवारीत एक झाले, आणि विंडोजसाठीचे त्याचे ॲप ६४ बिटच्या विंडोज १० व पुढच्या आवृत्त्यांवर चालते. उपकरणे ब्लूटूथने एकमेकांना ओळखतात आणि फाइल मात्र वाय-फायने जाते, त्यामुळे दोन्ही गोष्टी चालू असाव्या लागतात. फोन आणि लॅपटॉप एकाच गूगल खात्यात असले तर दर वेळी होकारही द्यावा लागत नाही. आयफोन आणि मॅक अशी जोडी असणाऱ्यांना एअरड्रॉप या ॲपलच्या अशाच सोयीपलीकडे पाहण्याचे कारण नाही. फक्त शेअर करताना वरच्या ‘पर्याय’मध्ये जाऊन फोटोंची सर्व माहिती सोबत पाठवण्याची खूण करावी.

पत्नीच्या आयफोनविषयी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली फाइलच्या प्रकाराची. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. जेपेग या नेहमीच्या प्रकारापेक्षा तो बराच कमी जागा घेतो, पण विंडोजवर तो उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ आणि एचईव्हीसी हे दोन पूरक भाग लागू शकतात, त्यांतल्या दुसऱ्याला किरकोळ पैसे पडतात. काही ॲप पाठवतानाच जेपेग करून देतात, आणि ते सोयीचे वाटले तरी मूळ फाइल ती नव्हे. माझे मत असे की एचईआयसीच जपून ठेवावी आणि छापायला किंवा कोणाला द्यायला लागेल तेव्हा तेवढ्यापुरती जेपेग प्रत काढावी. लाइव्ह फोटोंची हलती बाजू वेगळ्या व्हिडिओ फाइलीत असते. ती मागे राहिली नाही ना, हेही एका फोटोच्या परीक्षेत पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आयक्लाउड फोटो चालू असून जागा वाचवण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर पडद्यावर दिसणारे पुष्कळसे फोटो फोनमध्ये नसतातच. असते ती लहान छबी, आणि मूळ आयक्लाउडवर. पाठवताना फोन आधी प्रत्येक मूळ फोटो इंटरनेटवरून खाली आणतो आणि मग पुढे देतो. वाय-फाय वेगवान असूनही काम रखडते ते यामुळे. अशा वेळी संगणकावर थेट आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून मूळ फोटो उतरवणे अधिक सरळ पडते.

गूगल फोटोज आपल्याकडे आधीच चालू असेल तर त्यावर विसंबण्याआधी तिथली गुणवत्ता तपासावी. जागा वाचवणाऱ्या पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात. १ जून २०२१ पासून तिथे चढवलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जातो, आणि ती जागा जीमेल व ड्राइव्हसोबत वाटून घ्यावी लागते. आपले ३८ जीबी त्यात मावणार नाहीत.

आता ताळा. हा भाग लोक टाळतात, आणि मीही एकदा टाळला होता. भाच्याच्या मुंजीचे फोटो मी रात्री पाठवायला लावून झोपलो. सकाळी फोल्डरात भरघोस फाइली दिसल्या, त्या पाहून फोन रिकामा करून टाकला. आठवड्याने ताईने मातृभोजनाचा व्हिडिओ मागितला, तो ४० सेकंदांवर येऊन थांबला, आणि त्यापुढच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. फोनच्या कचरापेटीत त्या अजून होत्या म्हणून निभावले. तेव्हापासून मी प्रत्येक गठ्ठ्यानंतर लॅपटॉपवरचा फोल्डर आकारानुसार लावतो, शून्य बाइटची एकही फाइल नाही हे पाहतो, फाइलींची संख्या फोनशी जुळवतो आणि गठ्ठ्यातील प्रत्येक व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवतो.

संख्या जुळूनही एकूण आकार जुळत नाही म्हणून घाबरू नये. फोन एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०७ कोटी ३७ लाख. त्यामुळे फोनवरचे ३८ जीबी लॅपटॉपवर ३५.४ जीबी दिसतात. फोल्डरच्या गुणधर्मांत जीबीच्या शेजारी कंसात बाइटचा पूर्ण आकडा असतो, तो पाहावा. तारखांसाठीही तसेच: विंडोज सुरुवातीला दाखवते ती फाइल बदलल्याची तारीख असते. रकान्यांच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारून ‘डेट टेकन’ हा रकाना चालू केला आणि त्यानुसार फोटो लावले की सगळे आपापल्या वर्षात जाऊन बसतात.

लॅपटॉपवरचा संग्रह एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय फोनमधून काहीही पुसू नये, नाहीतर दोन ठिकाणी असलेले फोटो पुन्हा एकाच ठिकाणी येतात. पुसताना कोणत्या ॲपमधून पुसतो आहोत याचे भान असावे. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला तर तो फोन आणि खाते दोन्हींतून जातो. फोनमधलीच प्रत काढायची असेल तर तिथला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरावा. आयक्लाउड फोटो चालू असलेल्या आयफोनवर डिलीट म्हणजे सगळीकडून डिलीट. बॅकअप झालेले फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात, आयफोनच्या नुकत्याच पुसलेल्यांत ३० दिवस. ती पेटी लगेच रिकामी करण्याचा मोह होतो, कारण जागा तोवर सुटत नाही. तरीही निदान एक आठवडा थांबावे आणि त्या आठवड्यात आपले जुने व्हॉट्सॲपमधून उतरवलेले धूसर फोटो वेगळ्या फोल्डरात काढून, त्यांतला प्रत्येक मूळ स्वरूपात आला आहे का ते पाहून मगच ते काढून टाकावेत.